मुंबईतील सेवायुक्त कार्यालये

सेवायुक्त कार्यालय म्हणजे टेबल-खुर्च्या, वीज, इंटरनेट, वातानुकूलन, साफसफाई, स्वागतकक्ष आणि बैठकीची खोली यांसह मासिक शुल्कावर वापरास मिळणारी व्यावसायिक जागा. बोलीभाषेत अशा जागेला बिझनेस सेंटर किंवा को-वर्किंग म्हणतात. मुंबईत फोर्ट, नरिमन पॉइंट, लोअर परळ, वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, पवई, गोरेगाव, मालाड, तसेच ठाणे व नवी मुंबई येथे अशी कार्यालये आहेत. ग्राहक येथे जागा 'भाड्याने' घेतो असे सर्रास म्हटले जाते. परंतु कायद्याच्या अर्थाने तो बहुधा भाडेकरू नसतो. त्याला मिळतो तो जागा वापरण्याचा परवाना. कमी अनामत, तत्काळ प्रवेश आणि अल्प मुदत हे या व्यवस्थेचे गुण, आणि कब्जाचे संरक्षण नसणे हा तिचा दोष. दोहोंचे मूळ या एकाच भेदात आहे.

प्रकार

सर्वांत साधा प्रकार म्हणजे सामायिक दालनातील एक आसन. ते ठरलेले असू शकते किंवा रोज जे रिकामे असेल ते घ्यावयाचे असते. त्याच्या वरचा प्रकार म्हणजे काचेच्या भिंतींची कुलूपबंद केबिन. मोठ्या कंपन्यांसाठी चालक संपूर्ण मजला त्यांच्या गरजेप्रमाणे सजवून देतो व स्वतःच चालवतो. त्याला मॅनेज्ड ऑफिस म्हणतात. व्हर्च्युअल ऑफिस या प्रकारात आसनही नसते. केवळ पत्ता, टपाल स्वीकारण्याची सोय आणि कधीमधी बैठकीची खोली मिळते.

पारंपरिक व्यवहारात जागा चौरस फुटांत मोजली जाते आणि चटईक्षेत्र व 'सुपर बिल्टअप' यांतील फरकावरून वाद होतात. सेवायुक्त कार्यालयात मोजमापाचे एकक 'सीट' हे आहे. त्यामुळे चौरस फुटांचा वाद टळतो, पण एका सीटमागे प्रत्यक्षात किती जागा आहे हे ग्राहकाला सहसा सांगितले जात नाही. दोन चालकांचे दर ताडून पाहताना ही बाब नजरेआड करणे महागात पडते.

पूर्वपीठिका

युरोपात या व्यवसायाचा विस्तार करणारी रीजस ही कंपनी मार्क डिक्सन यांनी १९८९ मध्ये ब्रुसेल्स येथे स्थापन केली. न्यू यॉर्कमधील वीवर्क २०१० ची. तिच्या नावाने भारतात काम करणारी वीवर्क इंडिया २०१७ मध्ये बंगळुरू येथे सुरू झाली. ऑफिस (Awfis या नावाने व्यापारात परिचित असलेली 'ऑफिस' ही कंपनी) २०१५ ची असून मे २०२४ मध्ये ती शेअर बाजारात नोंदली गेली. या तारखा पाहून हा प्रकार मुंबईला नवा आहे असा समज होतो. तो पूर्णतः बरोबर नाही.

मुंबईच्या व्यापारात दुसऱ्याच्या जागेत बसून धंदा करण्याची रीत जुनी आहे. काळबादेवी, मस्जिद बंदर, मुळजी जेठा मार्केट या भागांत पेढीवर गादी, मुनीम आणि टेलिफोन असे. फोर्टमधील कचेऱ्यांत हीच रीत 'टेबल स्पेस' या नावाने रूढ झाली. एका खोलीत चार टेबले, चार वेगळे धंदे, एक टेलिफोन आणि सर्वांचा मिळून एक शिपाई अशी ही मांडणी असे. नवीन टेलिफोन जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागण्याच्या त्या काळात ज्याच्याकडे फोन आहे त्याच्या खोलीतील टेबलाला मोल होते. निरोप घेऊन ठेवणे, टपाल स्वीकारणे, टंकलेखन करून देणे ही कामे जागामालकाची माणसेच करीत. आजच्या सूचीतील 'सेवा' याहून फार निराळ्या नाहीत.

भाडे नियंत्रणाचा परिणाम

खोलीऐवजी टेबल देण्यामागे केवळ जागेची टंचाई नव्हती. मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाउस दर नियंत्रण अधिनियम, १९४७ याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याशी जोडले होते. एकदा भाडेकरू ठेवला की भाडे जवळजवळ गोठले आणि त्याला बाहेर काढणे अत्यंत कठीण झाले. त्यातून पागडीची प्रथा फोफावली. पागडी घेणे त्या कायद्याने निषिद्ध होते तरीही शहराचा बराचसा व्यवहार तिच्यावर चाले.

भाडेकरार टाळण्यासाठी मालक 'लिव्ह अँड लायसन्स' या पद्धतीकडे वळले. १८८२ च्या ईझमेंट कायद्याच्या कलम ५२ नुसार परवाना म्हणजे दुसऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर काही करण्याची मुभा. तिने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. ही वाट १९७३ च्या दुरुस्तीने बरीचशी बंद केली. त्या वेळी समाविष्ट झालेल्या कलम १५-अ नुसार १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याच्या आधारे जागेत असलेला परवानाधारक त्या दिवसापासून भाडेकरू मानला गेला. मात्र त्याच्या ताब्यातील भाग 'एका खोलीपेक्षा कमी नसावा' अशी अट होती. दुसऱ्याचा चालू धंदा चालवायला घेणारी व्यक्ती आणि पेइंग गेस्ट यांनाही परवानाधारकाच्या व्याख्येतून वगळण्यात आले.

एका खोलीपेक्षा कमी, म्हणजे एक टेबल, हे या संरक्षणाच्या बाहेर राहिले. मालकाच्या दृष्टीने तीच त्याची सोय होती. आपली जागा रातोरात दुसऱ्याची होईल या धास्तीने अनेकांनी त्यानंतर मोकळ्या जागा कुलूपबंद ठेवणे पसंत केले. मुंबईत कार्यालयांची चणचण जेवढी समुद्राने निर्माण केली तेवढीच कायद्यानेही केली, असे म्हणण्यास जागा आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि चित्र पालटले. त्याच्या कलम ३ नुसार बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या, परदेशी वकिलाती, तसेच १ कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा भाडे नियंत्रणातून वगळण्यात आल्या. कलम ५६ ने पागडीच्या व्यवहारालाही मान्यता दिली. मोठा भांडवलदार चालक दीर्घ मुदतीने संपूर्ण मजला घेतो आणि त्याचे तुकडे अल्प मुदतीने देतो ही आजची रचना यामुळे शक्य झाली. मालकाला आता जागा कायमची अडकण्याचे भय उरले नाही.

व्यापारी केंद्रे

फोर्ट हे सर्वांत जुने केंद्र. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात किल्ल्याचे तट पाडले गेले आणि तेथे बँका, विमा कंपन्या व वकिलांच्या कचेऱ्या वसल्या. बॅलार्ड इस्टेट हा भाग मुंबई पोर्ट ट्रस्टने १९१४ ते १९१८ या काळात उभारला. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट होते. या भागांतील इमारती देखण्या असल्या तरी आतील खोल्या लहान, भाडेकरू जुने आणि मालकी गुंतागुंतीची, त्यामुळे सलग मोठा मजला मिळत नाही. येथील सेवायुक्त कार्यालये लहान असतात आणि उच्च न्यायालयाजवळ राहू इच्छिणारे वकील, सनदी लेखापाल, जहाज-दलाल यांच्या उपयोगाची ठरतात.

नरिमन पॉइंट हा समुद्रात भराव घालून निर्माण केलेला भाग. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचे नाव त्याला दिले आहे. १९७० च्या दशकात येथे उंच कार्यालयीन इमारती उभ्या राहिल्या. २३ मजली एअर इंडिया इमारत १९७४ ची. बराच काळ 'नरिमन पॉइंटला ऑफिस आहे' एवढे वाक्य प्रतिष्ठेस पुरेसे होते. पुढे बँका व वित्तसंस्था उत्तरेकडे सरकल्या, पण पत्त्याचे वजन टिकले. संपूर्ण कार्यालय परवडत नसलेल्या लहान कंपन्यांना तो पत्ता देणे हाच येथील बिझनेस सेंटरांचा खरा धंदा आहे.

लोअर परळ आणि प्रभादेवी हा गिरणगाव. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचा पुनर्विकास करताना मोकळी जागा, सार्वजनिक घरबांधणी आणि मालक असे वाटे ठरवले होते. २००१ च्या बदलाने ही वाटणी केवळ गिरणीच्या आवारातील मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल वैध ठरवला. शहराला मिळणारी जमीन त्यामुळे फार घटली. कमला मिल, तोडी मिल, फिनिक्स, ज्युपिटर ही नावे आज कार्यालये व उपाहारगृहांच्या पत्त्यांत उरली आहेत. जेथे कामगारांची पाळी बदलताना भोंगा वाजे तेथे आता कार्ड दाखवून आत जावे लागते. रस्ते आणि रेल्वेचे पूल मात्र या वाढीच्या प्रमाणात रुंदावले नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण दगावले. या भागात कार्यालय निवडताना अंतर्गत सजावटीपेक्षा बाहेर पडण्याचे मार्ग आधी पाहावेत.

वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे बीकेसी, मिठी नदीलगतच्या दलदलीच्या जमिनीवर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने विकसित केले. दक्षिण मुंबईवरील भार हलका करणे हा त्यामागील हेतू होता. राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी आणि भारत डायमंड बोर्स येथे आहेत. सलग मोठे मजले व एकसंध मालकी यांमुळे सेवायुक्त कार्यालयांच्या चालकांना हा भाग सोयीचा जातो. दर मात्र शहरातील सर्वांत चढ्या दरांत मोडतात. वांद्रे किंवा कुर्ला स्थानकापासून बस अथवा सामायिक रिक्षा हा अनेक वर्षे येथील नोकरदारांचा नित्यक्रम होता. भुयारी मेट्रो मार्गिका ३ चा आरे ते बीकेसी टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाल्याने बीकेसी, वरळी, फोर्ट आणि अंधेरीतील मरोळ ही केंद्रे प्रथमच एका गाडीने जोडली गेली.

अंधेरी पूर्वेला १९७३ मध्ये सुरू झालेले सीप्झ आणि त्यालगतची मरोळची औद्योगिक वसाहत आहे. विमानतळाची जवळीक आणि २०१४ पासूनची वर्सोवा-घाटकोपर मेट्रो यांमुळे मध्यम आकाराच्या कंपन्यांची येथे पसंती असते. पवई, गोरेगाव व मालाड येथे माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची संकुले आहेत. ठाण्याची वागळे इस्टेट आणि नवी मुंबईतील ऐरोली, वाशी, बेलापूर येथे दर कमी आहेत. डोंबिवली-कल्याणकडून येणाऱ्या कर्मचाऱ्याचे रोजचे दोन तास वाचत असतील तर स्वस्त सीट हा त्यातील दुय्यम लाभ समजावा.

कराराचे स्वरूप

येथे एका जागेवर दोन करार असतात. पहिला इमारतीचा मालक आणि चालक यांच्यातील, अनेक वर्षांचा. दुसरा चालक आणि ग्राहक यांच्यातील, काही महिन्यांचा. दुसरा करार पहिल्यावर उभा असतो. चालकाने मालकाचे भाडे थकवले आणि मूळ करार संपुष्टात आला, तर ग्राहकाने आपले शुल्क वेळेवर भरले असले तरी त्याला मालकाविरुद्ध जागेवर हक्क सांगता येत नाही. त्याची अनामत चालकाकडे अडकते आणि ती मिळवण्यासाठी त्याला इतर धनकोंच्या रांगेत उभे राहावे लागते. हे केवळ तर्काने मांडलेले भय नव्हे. रीजसच्या अमेरिकेतील व्यवसायाने जानेवारी २००३ मध्ये, तर वीवर्कच्या मूळ कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला होता. वीवर्क इंडिया ही स्वतंत्र कंपनी असल्याने त्या प्रक्रियेचा भाग नव्हती.

म्हणून मूळ कराराची उरलेली मुदत किती आणि इतरांना जागा वापरू देण्यास मालकाची लेखी संमती आहे काय, हे दोन प्रश्न सही करण्यापूर्वी विचारणे आवश्यक आहे. अनेक ग्राहक कॉफीच्या यंत्राची चौकशी करतात आणि हे विचारीत नाहीत.

चालकांच्या दस्तऐवजाला अनेकदा 'सदस्यत्व करार' किंवा 'सेवा करार' असे नाव असते. परंतु नावाने स्वरूप ठरत नाही. असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दस्तऐवजाच्या शब्दांपेक्षा आशय व उभयपक्षांचा हेतू पाहावा, आणि एकट्याच्या ताब्याचा हक्क हे भाडेपट्ट्याचे महत्त्वाचे लक्षण समजावे, असे तत्त्व मांडले. त्या प्रकरणात दिल्लीतील एका हॉटेलमध्ये केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिलेल्या खोल्यांचा प्रश्न होता. याच कारणास्तव चालक करारात केबिन बदलण्याचा अधिकार, कोणत्याही वेळी आत येण्याचा अधिकार आणि दुसरी किल्ली स्वतःकडे राखून ठेवतो. ग्राहकाला ही कलमे जाचक वाटतात, पण चालकाच्या दृष्टीने करार परवानाच राहावा याची ती तजवीज असते.

१९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा वा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी जागा देणाऱ्याची आहे. नोंदणी केली नसेल तर अटींविषयी जागा घेणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ग्राहकाच्या बाजूने असलेली ही मोजक्या तरतुदींपैकी एक आहे. मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याचा कलम २४ चा जलद मार्ग निवासी परवान्यांपुरता आहे. व्यावसायिक जागेचा परवानादाता व परवानाधारक यांच्यातील कब्जाचा दावा मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतो. प्रत्यक्षात चालक तेथवर जाण्याऐवजी प्रवेशाचे कार्ड बंद करतात, आणि ग्राहकाचे संगणक व कागदपत्रे आत राहतात. सामान परत देण्याची मुदत करारात लिहून घेणे म्हणूनच हिताचे.

खर्च

जाहिरातीतील दर हा अखेरचा दर नसतो. उदाहरणादाखल, प्रतिसीट दरमहा १५,००० रुपये शुल्काने पाच आसने अकरा महिन्यांसाठी घेतली असे धरू. मासिक शुल्क ७५,००० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर १३,५०० रुपये. म्हणजे दरमहा ८८,५०० रुपये. दोन महिन्यांची अनामत १,५०,००० रुपये. लिव्ह अँड लायसन्सवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. एकूण शुल्क आणि अनामतीवरील १० टक्के कल्पित व्याज यांवर ते सुमारे २,१०० रुपये होईल. वस्तू व सेवा कराखाली नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला भरलेल्या कराची वजावट सामान्यतः मिळते. नोंदणी नसलेल्याला तो निव्वळ खर्च असतो.

याशिवाय बैठकीच्या खोलीचे ठरावीक तासांपलीकडील शुल्क, छपाई, वाहनतळ, आणि संध्याकाळनंतर व रविवारी वातानुकूलनाचे वेगळे पैसे असे तुकडे असतात. परदेशी ग्राहकांसाठी रात्री काम करणाऱ्यांना यातील शेवटचा तुकडाच जड जातो. 'लॉक-इन' म्हणजे ज्या काळात ग्राहकाला सोडून जाता येत नाही तो काळ. तो फक्त ग्राहकावर बंधनकारक आहे की चालकावरही, हे करारात पाहावे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कार्यालये रिकामी पडली तेव्हा याच कलमावरून वाद झाले.

पत्ता, नोंदणी आणि पाटी

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२ नुसार प्रत्येक कंपनीला पत्रव्यवहार स्वीकारू शकेल असे नोंदणीकृत कार्यालय असावे लागते. त्यासाठी जागा देणाऱ्याचे ना-हरकत पत्र आणि अलीकडचे वीजदेयक लागते. वीजदेयक इमारतीच्या मालकाच्या नावाने, करार चालकाच्या नावाने आणि अर्ज ग्राहकाच्या नावाने, अशी तीन नावे असल्याने अर्ज अडतात. कंपनी निबंधक व वस्तू व सेवा कर अधिकारी या दोघांनाही जागेची प्रत्यक्ष पाहणी करता येते. व्हर्च्युअल ऑफिसच्या पत्त्यावर अधिकारी आला आणि स्वागतकक्षातील व्यक्तीला कंपनीचे नावही ठाऊक नसले, तर नोंदणी धोक्यात येते.

कंपनीचे नाव कार्यालयाबाहेर त्या भागात प्रचलित असलेल्या भाषेच्या लिपीतही लावावे, असे त्याच कलमात म्हटले आहे. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने देवनागरी लिपीतील मराठी पाटी लहान आस्थापनांनाही बंधनकारक केली. बिझनेस सेंटरच्या दारावर मात्र ठळक पाटी चालकाची असते आणि आतील चाळीस-पन्नास कंपन्यांची नावे एका फलकावर लहान अक्षरांत, अनेकदा केवळ रोमन लिपीत दिसतात. याच २०१७ च्या कायद्याखालील नोंदणीला व्यापारी अद्याप 'गुमास्ता' म्हणतात; ती लागू असलेल्या आस्थापनेने स्वतः करावयाची असते, चालकाच्या नोंदणीत ती समाविष्ट होत नाही.

अग्निसुरक्षा

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, घ्यावे लागते. मूळ आराखड्यात थोड्या माणसांसाठी योजलेल्या मजल्यावर आसने दाटीने मांडली जातात तेव्हा जिना व दरवाजे तेवढेच राहतात. ताजे प्रमाणपत्र पाहण्याची मागणी ग्राहक चालकाकडे करू शकतो. जागा पाहायला गेल्यावर लिफ्टऐवजी जिन्याने उतरून पाहिले, तर जिन्यात सामान रचलेले आहे काय आणि तळमजल्याचे दार उघडते काय हेही कळते.